अनुमती कोणाची? आदिवासी पाड्यावरील आरोग्यसंशोधन आणि आपण वैद्य

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अगदी पहिल्याच अध्यायात, औषधी वनस्पती नावानिशी आणि रूपानिशी कोण ओळखतात हे सांगताना आचार्यांनी शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी आणि अन्य वनवासी यांचा उल्लेख केला आहे. सुश्रुताचार्यांनीही भूमिप्रविभागाच्या अध्यायात गोपाल, तापस, व्याध, वनात हिंडणारे आणि कंदमुळांवर जगणारे यांच्याकडून औषधे ओळखून घ्यावीत असा निर्देश केला आहे. पदवी अभ्यासक्रमात आपण सर्वांनीच हे संदर्भ वाचले, परीक्षेत लिहिले आणि त्यावर गुणही मिळवले. चरकाचार्य त्यापुढे असेही सांगतात की, केवळ नाव व रूप जाणल्याने औषधाचे पूर्ण ज्ञान होत नाही. देश, काल आणि पुरुष पाहून त्याची योजना करणारा तो खरा जाणकार. हा दुसरा भाग आपल्याला चांगला लक्षात राहिला, कारण त्यात वैद्याचा गौरव आहे. पहिल्या भागातून निघणारा प्रश्न मात्र आपण फारसा विचारला नाही. ज्यांच्याकडून ओळख करून घेतली, त्यांचे आपण काय देणे लागतो?

आदिवासी समाजात बाहेरून येऊन आरोग्यविषयक संशोधन करणाऱ्यांची नीती, हा आज जगभर चर्चेचा विषय आहे. ही चर्चा आपल्याकडे बहुधा 'परदेशी कंपन्या आणि आपले ज्ञान' एवढ्यापुरती होते. हळद, कडुनिंब यांची उदाहरणे दिली जातात आणि आपण वैद्य आपोआप अन्यायग्रस्तांच्या बाजूला जाऊन बसतो. प्रस्तुत लेखात थोडी वेगळी, काहीशी अडचणीची गोष्ट मांडावयाची आहे. पाड्यावरच्या माणसाच्या दृष्टीने आपणही बाहेरचेच आहोत.

'रगत नेलं, त्याचं काय झालं?'

कुंभवली हे पालघर तालुक्यातील गाव, तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून असलेले. येथे मूळचे ग्रामस्थ आहेत, आसपास आदिवासी पाडे आहेत आणि कारखान्यांत कामासाठी देशभरातून आलेले कामगारही आहेत. या परिसराला तपासण्या नव्या नाहीत. औद्योगिक सांडपाण्याने खाड्या आणि समुद्रकिनारा बिघडत असल्याबद्दल अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. तक्रार आधी लोकांनी केली, तज्ज्ञांच्या समित्या नंतर आल्या, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. याखेरीज महाविद्यालयांचे विद्यार्थी, स्वयंसेवी संस्था, निरनिराळी पथके येत असतात. लोक या सर्वांना एकाच नावाने ओळखतात : 'सर्वेवाले'.

काही वर्षांपूर्वी स्त्रियांमधील पांडुरोगाविषयी एक छोटे सर्वेक्षण मी हाती घेतले होते. त्याच सुमारास गुडघेदुखीसाठी दवाखान्यात येणाऱ्या एका वारली आजींना मी विचारले, 'आजी, थोडे रक्त तपासायला घेऊ का?' आजींनी हात पुढे केला नाही. त्यांनी उलट विचारले, 'मागं एक गाडी आलेली. रगत नेलं, त्याचं काय झालं?'

ती गाडी कोणाची, कोणत्या संस्थेची, केव्हाची, हे मला ठाऊक नव्हते. माझा तिच्याशी काही संबंधही नव्हता. पण आजींच्या लेखी ती गाडी आणि मी यांत काही फरक नव्हता, आणि विचार केल्यावर मलाही तो दाखवता येईना. मीदेखील रक्त घेणार होतो, कागदावर आकडा लिहिणार होतो आणि तो आकडा एखाद्या परिसंवादात वाचणार होतो. आजींना तो सांगण्याची काही व्यवस्था माझ्या आराखड्यात नव्हती.

हाच प्रश्न अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या हवासुपाई या आदिवासी जमातीने विचारला, तेव्हा त्याचे पडसाद जगभर उमटले. या जमातीत मधुमेहाचे प्रमाण मोठे होते. १९९० पासून पुढील काही वर्षे तेथील राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. पुढे जमातीला कळले की, त्याच नमुन्यांवर मानसिक विकार, आप्तसंबंधांतील विवाह आणि जमातीचे प्राचीन स्थलांतर अशा विषयांवरही संशोधन झाले आहे. यापैकी शेवटचा विषय तर त्यांच्या उत्पत्तीविषयीच्या श्रद्धेवरच आघात करणारा होता. प्रकरण न्यायालयात गेले. २०१० साली विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर देण्याचे मान्य केले आणि उरलेले नमुने जमातीच्या स्वाधीन केले. रक्त देताना कोणी बळजबरी केली नव्हती. लोकांनी एका कारणासाठी होकार दिला होता आणि तो दुसऱ्याच कारणांसाठी वापरला गेला, हा त्यातला दोष होता.

होकारामागचा इतिहास

संशोधनाच्या भाषेत 'माहितीपूर्ण संमती' हा शब्द फार वापरला जातो. माहितीपत्रक वाचून दाखवावे, सही किंवा अंगठा घ्यावा, की संमती झाली अशी आपली समजूत असते. परंतु आपल्या भागात अंगठ्याला एक इतिहास आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, पालघर या पट्ट्यात वारली माणूस कित्येक पिढ्या जमीनदार, सावकार आणि जंगलखाते यांच्या कचाट्यात होता. वेठबिगार होती, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने मालकाकडे राबण्याची लग्नगड्याची पद्धत होती. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ साली वारल्यांनी त्याविरुद्ध उठाव केला. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्याचीच हकिकत सांगते. ज्या समाजात कागदावर उठवलेल्या अंगठ्याने जमिनी गेल्या, त्या समाजातील माणसापुढे आपण शाईची डबी ठेवतो, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल याचा विचार संशोधनाच्या कोणत्याही आराखड्यात नसतो.

आजची सत्ता वेगळ्या वेषात येते. श्वासाच्या तक्रारींविषयीची प्रश्नावली कामगारांच्या चाळीत भरली जात असेल आणि कंत्राटदाराचा मुकादम दाराशी उभा असेल, तर 'कामावर असताना दम लागतो का' या प्रश्नाला खरे उत्तर कोण देईल? ज्याची हजेरी रोजची, त्याचे उत्तरही त्या हजेरीला जपूनच येणार. अंगणवाडीताईंनी किंवा आशाताईंनी बोलावले म्हणून स्त्रिया येतात. 'नाही' म्हटले तर पुढच्या खेपेला खाऊचे पाकीट मिळेल ना, नाव यादीतून कमी होणार नाही ना, ही शंका त्या बोलून दाखवत नाहीत. संशोधक शहरात परत जातो आणि 'लोकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला' असे लिहितो.

येथे वैद्यबंधूंनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. रुग्ण ज्या वैद्याकडे उपचारासाठी येतो, त्याच वैद्याने संशोधनासाठी विचारले तर नकार देणे रुग्णाला सर्वांत कठीण जाते. आपल्यावर विश्वास आहे म्हणून तो 'हो' म्हणतो, हे खरे असू शकते. पण 'नाही' म्हटले तर औषध नीट मिळणार नाही या भीतीनेही तो 'हो' म्हणत असू शकतो. हे दोन होकार बाहेरून अगदी सारखे दिसतात. म्हणून आपल्या दवाखान्यात मिळालेला होकार हा सर्वांत खात्रीचा नव्हे, तर सर्वांत तपासून घ्यावा असा होकार होय.

खम्ममची सही

सत्तेच्या जोरावर मिळालेली संमती कशी असते, याचे आपल्या देशातील सर्वांत चर्चिले गेलेले उदाहरण खम्मम जिल्ह्याचे. २००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा या जिल्ह्यांत १० ते १४ वर्षे वयाच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प राबवला गेला. पाथ ही अमेरिकन संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि दोन्ही राज्य शासने त्यात सहभागी होती. खम्मममध्ये लस घेतलेल्या मुलींपैकी बऱ्याच आदिवासी होत्या आणि अनेक जणी आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहत होत्या. प्रकल्पाच्या काळात दोन्ही जिल्ह्यांत मिळून सात मुलींचे मृत्यू झाल्याची नोंद झाली आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. मृत्यू लसीमुळे झाले असे चौकशीत सिद्ध झाले नाही. लस उपयुक्त आहे की नाही हाही येथे प्रश्न नाही. अनेक देशांत ती आज नियमित दिली जाते. प्रश्न संमतीचा आहे.

संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये सादर केलेल्या अहवालात आंध्रमधील संमतीपत्रांचा हिशोब दिला आहे. तपासलेल्या ९,५४३ पत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. आईवडील दूर पाड्यावर, मुलगी वसतिगृहात, आणि तिच्या शरीराविषयीचा निर्णय तिच्या जेवणाखाण्याची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सहीने झालेला. शिवाय या मुलींना पुढे काही त्रास झाला तर त्याची नोंद करणारी आणि त्यांना उपचार मिळवून देणारी नीट व्यवस्थाही नव्हती, असा ठपका समितीने ठेवला. अधीक्षकांच्या मनात वाईट काही असेल असे मानण्याचे कारण नाही. बहुतेकांना हे सरकारी लसीकरणच वाटले असावे. पण तेच या प्रकरणाचे मर्म आहे. उपचार कोणता आणि अभ्यास कोणता, हे सही करणाऱ्यालाच स्पष्ट नसेल, तर ज्याच्यावर अभ्यास होतो त्याला ते कसे असणार?

संहितांतील अनुज्ञा

आपल्या शास्त्राला हा विचार अपरिचित नाही. चरकसंहितेच्या उदरचिकित्सेत, सर्व उपाय थकल्यावर विषप्रयोगासारखा धाडसी उपचार करण्यापूर्वी वैद्याने रुग्णाचे आप्त, मित्र, पत्नी, गुरुजन, राजा यांना एकत्र बोलावून, उपचाराच्या यशाविषयी असलेला संशय स्पष्ट सांगून मगच अनुज्ञा घ्यावी, असे सांगितले आहे. येथे महत्त्वाचे आहे ते संशय बोलून दाखवणे. 'गुण येईलच' असे सांगून घेतलेली अनुज्ञा आचार्यांना अभिप्रेत नाही. विमानस्थानात शिष्याला दिलेल्या उपदेशातही दोन गोष्टी येतात. रुग्णाच्या घरात ओळखीच्या आणि प्रवेशाची परवानगी असलेल्या माणसाबरोबरच जावे. आणि त्या घरात जे पाहिले-ऐकले ते बाहेर सांगू नये. पाड्यावर प्रवेश आणि माहितीची गुप्तता हे आजच्या संशोधननीतीतील दोन्ही विषय यात आले आहेत.

तथापि, आपल्या ग्रंथांत सर्व काही आधीच सांगितलेले आहे असे म्हणून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अश्मरीच्या शस्त्रकर्मापूर्वी सुश्रुताचार्य 'ईश्वरा'ची, म्हणजे राजाची किंवा धन्याची, परवानगी घेण्यास सांगतात. त्या काळी रुग्ण दगावल्यास वैद्याला राजदंडाची भीती होती. ही परवानगी वैद्याचे रक्षण करणारी होती. रुग्णाच्या स्वतःच्या होकाराची जागा ती घेऊ शकत नाही. आजचे 'ईश्वर' कोण? वसतिगृहाचा अधीक्षक, सरपंच, ठेकेदार, कधी एखाद्या संस्थेचा कार्यकर्ता. त्यांची परवानगी घेणे आवश्यक असेल, पण तेवढ्याने भागत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट केलेले आहे. आदिवासी समूहात संशोधन करावयाचे ते त्या समूहाला त्यातून रोगनिदान, उपचार किंवा प्रतिबंध यांचा प्रत्यक्ष लाभ होणार असेल तरच. त्यासाठी सक्षम प्रशासकीय अधिकाऱ्यांची मान्यता घ्यावी, गावातील जाणत्यांशी बोलावे, त्यांची बोली जाणणारा माणूस आणि योग्य साक्षीदार बरोबर असावेत. मात्र गावप्रमुखाने परवानगी दिली तरी प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र संमती हवीच. विशेष असुरक्षित आदिम जमातींतील मुले, गर्भवती व वृद्ध यांना संशोधनात घेणे टाळण्याची अधिक दक्षता घ्यावी. आपल्या राज्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या जमाती या वर्गात येतात. त्यांपैकी कातकरी तर आपल्या पालघर जिल्ह्यातच राहतात.

प्रश्न कोणाचा?

संमतीच्याही आधी एक पायरी आहे. संशोधनाचा प्रश्न कोण ठरवतो? याविषयी महाराष्ट्रातच एक बोधप्रद अनुभव आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ साली गडचिरोलीत काम करू लागले. आरंभी त्यांनी आदिवासींमधील सिकलसेल या रक्तविकाराचा अभ्यास केला. विषय शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा होता, निष्कर्षही महत्त्वाचे होते. पण त्यावर उभ्या राहिलेल्या सोयीकडे लोक वळले नाहीत. तो प्रश्न संशोधकांना महत्त्वाचा वाटला होता, लोकांच्या मनात तो नव्हता, असे डॉ. बंग यांनी स्वतःच प्रांजळपणे सांगितले आहे. स्वतःच्या अभ्यासातील उणीव अशी उघडपणे मांडणारे संशोधक विरळा.

त्यानंतर वसा आणि अमिर्झा या दोन गावांत स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास झाला. या आजारांविषयी स्त्रिया आपसात बोलत, पण तपासणीची सोय कोठेच नव्हती. ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले आणि त्यांपैकी जेमतेम ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेली होती. १९८९ च्या जानेवारीत हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आणि ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण व कुटुंबनियोजन, ही समजूत त्याने मोडून काढली. रुग्णालय उभारतानाही आदिवासींना विचारले गेले. त्यांच्या सांगण्यावरून ते गावातल्या घरांसारखे झोपड्यांचे झाले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. विचारल्यामुळे शास्त्राची उंची कमी झाली नाही. उलट जो प्रश्न पुस्तकात नव्हता तो हाती लागला.

भगताची विद्या आणि आपला प्रबंध

आता आपल्या अगदी जवळच्या विषयाकडे येऊ. आदिवासींच्या वनौषधिज्ञानाची नोंद हा आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांचा आवडता विषय आहे. या बाबतीत केरळातील काणी जमातीचे उदाहरण प्रत्येक वैद्याला ठाऊक असावयास हवे. १९८७ साली अगस्त्य पर्वतरांगांत वनस्पतींचा शोध घेणारे शास्त्रज्ञ दमून जात, पण त्यांचे काणी वाटाडे मात्र एक लहानसे फळ चघळत ताजेतवाने राहत. बऱ्याच आर्जवानंतर वाटाड्यांनी ती वनस्पती दाखवली. ती म्हणजे आरोग्यपाचा. तिरुवनंतपुरमजवळील पालोडच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने तिच्यावर काम करून 'जीवनी' हे औषध सिद्ध केले. कोइमतूरच्या एका आयुर्वेदीय औषध कंपनीला १० लाख रुपये शुल्क आणि विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन या अटींवर उत्पादनाचा परवाना देण्यात आला. या रकमेचा निम्मा वाटा काणींना द्यावयाचे ठरले आणि त्यासाठी १९९७ साली त्यांचा न्यास स्थापन झाला.

लाभवाटपाचे आदर्श उदाहरण म्हणून हे प्रकरण जगभर सांगितले गेले, आणि त्या काळी असे काही करावे अशी कायद्याची सक्तीही नव्हती, हे त्या शास्त्रज्ञांच्या श्रेयाचेच आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. काणींमधील पारंपरिक वैद्यांना प्लाथी म्हणतात. त्यांच्यापैकी काहींनी १९९५ साली मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून आपले ज्ञान खासगी कंपनीला विकण्यास हरकत घेतली होती. माहिती दिली वाटाड्यांनी. पण ती विद्या सांभाळणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. मग जमातीच्या वतीने 'हो' म्हणण्याचा अधिकार कोणाचा? पैसे दिल्याने हा प्रश्न सुटत नाही.

येथे स्वतःचा एक दोष सांगणे माझे कर्तव्य आहे. पदवी नुकतीच हाती आली होती तेव्हाची, साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराकडच्या एका पाड्यावरील भगतबाबा कावीळीवर एक मूळ देत असत. मी चार-पाच वेळा त्यांच्याकडे गेलो, त्यांच्या अंगणात चहा घेतला, आणि एके दिवशी त्यांनी मला बरोबर नेऊन ती वनस्पती दाखवली. मी तिचे शास्त्रीय नाव शोधले आणि एका परिसंवादाच्या स्मरणिकेत टिपण लिहिले. त्यात वनस्पतीचे नाव होते, डोंगराचे नाव होते, माझे नाव पदवीसह होते. भगतबाबांचा उल्लेख 'स्थानिक वैदूकडून मिळालेली माहिती' एवढाच होता. पुढच्या एक-दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा गेलो, तेव्हा मुळे काढणारी माणसे येऊन गेली होती आणि त्या उतारावर ती वनस्पती जवळजवळ उरली नव्हती. माझे टिपण वाचूनच ती माणसे आली, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. तसे नव्हे, असेही म्हणू शकत नाही. भगतबाबा तोवर वारले होते. त्यांच्या मुलाने तक्रार केली नाही. तो एवढेच म्हणाला, 'बाबांनी तुम्हाला सांगितलेलं, सगळ्यांना नाही.' त्या वनस्पतीचे नाव मी येथे मुद्दामच लिहीत नाही.

कायद्याने या विषयाची दखल घेतलेली आहे, पण तिचे स्वरूप आपण नीट समजून घ्यावयास हवे. जैविक विविधता कायदा २००२ साली आला. त्यानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या असतात. २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली, ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला, तसेच उपजीविकेसाठी व्यवसाय करणाऱ्या वैद्य, हकीम आणि नोंदणीकृत आयुष व्यावसायिकांना काही तरतुदींतून सूट मिळाली. आपल्या अनेक बंधूंनी या सुटीचे स्वागत केले आणि दैनंदिन व्यवसायाच्या दृष्टीने ते स्वाभाविक आहे. पण सूट आहे ती ग्रंथोक्त ज्ञानाला. २००१ साली सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयातही प्रामुख्याने ग्रंथांतील योगच नोंदले गेले. भगताचे, सुईणीचे, वैदूचे ज्ञान ग्रंथात नाही. ते तोंडी आहे. ते आपण लिहून काढले की ते आपल्या नावावर येते, आणि काही पिढ्यांनी तेही 'शास्त्र' म्हणून ग्रंथबद्ध समजले जाते. चरकाचार्यांनी ज्यांचा आदराने उल्लेख केला, त्या वनवासींचे नाव पुसले जाण्याची वाट ही अशी असते.

आपल्या हाती असलेल्या गोष्टी

संशोधन करूच नये, असा या लेखाचा आशय मुळीच नाही. आदिवासी भागातील रोगांचा अभ्यास झाला नाही, तर त्यांची दुखणी कोणाच्याच हिशोबात येणार नाहीत. हाही एक अन्यायच आहे. मात्र पुढील गोष्टी प्रत्येक वैद्याला, लहानशा सर्वेक्षणातही, पाळता येण्यासारख्या आहेत.

१. शिबिर आणि संशोधन यांत स्पष्ट भेद ठेवावा. मोफत शिबिरात आलेल्या रुग्णांचे कागद गोळा करून त्यांवर पुढे प्रबंध लिहिणे ही आपल्याकडील सर्रास चालणारी पद्धत आहे. रुग्ण औषधासाठी आलेला असतो, अभ्यासासाठी नव्हे. अभ्यास करावयाचा असेल तर तसे आधी सांगावे, नैतिक समितीची मान्यता घ्यावी, आणि सहभागी न होणाऱ्यालाही तेच औषध तितक्याच आपुलकीने द्यावे.

२. 'नाही' म्हणण्याची वाट मोकळी ठेवावी. संमती शक्यतो उपचार करणाऱ्या वैद्याने स्वतः घेऊ नये. मुकादम, मालक, अधीक्षक यांना त्या वेळी दूर ठेवावे. विचारल्याबरोबर उत्तर मागू नये. घरी जाऊन बोलण्यास चार दिवस द्यावेत. ज्या अभ्यासात एकानेही नकार दिला नाही, त्या अभ्यासाच्या संमतीविषयी संशोधकाने स्वतःच शंका घ्यावी.

३. माहिती बोलीतून सांगावी. 'नमुना', 'सहभागी', 'दुष्परिणाम' हे शब्द पाड्यावर कोणालाही काही सांगत नाहीत. किती रक्त घेणार, ते कोठे जाणार, केव्हा टाकून देणार, हे साध्या शब्दांत सांगता आले पाहिजे. सांगितलेल्या कामाखेरीज दुसऱ्या कामासाठी ते वापरावयाचे झाल्यास पुन्हा विचारावे.

४. ज्ञान देणाऱ्याचे नाव त्याला विचारून द्यावे अथवा विचारून वगळावे. काय छापावे आणि काय छापू नये, हे ठरवण्याचा अधिकार त्याचा. दुर्मीळ वनस्पतीचे ठिकाण लिहू नये. त्या ज्ञानातून व्यापारी लाभ होण्याचा संभव असेल, तर वाट्याची बोलणी संशोधनाच्या आरंभीच आणि केवळ एका व्यक्तीशी नव्हे, तर त्या समाजाशी करावीत.

५. निष्कर्ष परत न्यावेत. हा खर्च आणि हा वेळ आराखड्यातच धरावा. विद्यार्थ्यांच्या प्रबंधाला मार्गदर्शन करणाऱ्या आपल्या अध्यापक सभासदांनी 'निष्कर्ष लोकांना केव्हा व कसे सांगितले' हे एक पान प्रबंधात मागितले, तर पुष्कळ गोष्टी आपोआप सुधारतील.

शेवटी

आजींनी रक्त दिले नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. त्यांची गुडघेदुखी मात्र पुढे पथ्य आणि स्नेहन-स्वेदनाने बरीच आटोक्यात आली. ज्या स्त्रियांनी रक्त दिले होते, त्यांना त्यांचे आकडे सांगण्यासाठी मी दुपारच्या वेळी पाड्यावर गेलो. रक्त कमी म्हणजे काय, त्याने दम का लागतो, नाचणी, पालेभाज्या, आवळा यांचा काय उपयोग, हे सांगितले; ज्यांचे रक्त फारच कमी होते त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले. आजीही मागे येऊन बसल्या होत्या. सर्व ऐकून झाल्यावर त्यांनी विचारले, 'मंग आता पुढं काय करणार?'

निष्कर्ष सांगितले की काम संपले, अशी माझी कल्पना होती. संशोधकाचे काम तेथे संपतही असेल. वैद्याचे संपत नाही. त्या वर्षापासून दर सहा महिन्यांनी त्या पाड्यावर तपासणीसाठी मी जातो. तिचा कोणताही प्रबंध होणार नाही.